बिनठिपक्याचं झाड

नगरपालिकेच्या वृक्ष विभागात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई. कामच तसं होतं. रस्तोरस्ती फिरायचं, झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत न्याहाळायचं, मुठीने दोन ठोके मारून आत पोकळ वाजतंय का ते ऐकायचं आणि छातीच्या उंचीवर रंगाचा ठिपका लावायचा. लाल ठिपका म्हणजे तोडा. पांढरा म्हणजे तूर्त राहू द्या, पुढच्या फेरीत बघू. आणि ज्याला ठिपकाच नाही ते झाड कुणाच्या अध्यातमध्यात नाही. त्याला हात लावायचा असेल तर आधी बाईंना विचारायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. विभागातली माणसं लिहिलेल्या नियमांना बिनदिक्कत वळसे घालत, पण हा मात्र निमूट पाळत, कारण न विचारता तोडलेल्या एका झाडावरून तिने पूर्वी एका मुकादमाची अशी काही हजेरी घेतली होती की कचऱ्याच्या गाडीवरची माणसंसुद्धा गाडी थांबवून बघत राहिली होती.

ती जुनी ठिपकेबाई. जिभेला हाड नाही, हसायला लागली की डोळ्यांतून पाणी, आणि स्वतःचा डबा दुसऱ्यांना वाटून वर आपल्याला काही उरलं नाही म्हणून कुरकुर. पाच वर्षांपूर्वी तिचा मुलगा बाजाररस्त्यावर मोटारसायकलसकट एका झाडावर आदळला आणि जागच्या जागी गेला. एकुलता एक होता. त्यानंतर जी बाई कामावर परत आली तिचं आणि जुन्या बाईचं नाव तेवढं सारखं होतं.

ती रडली नाही. लोकांनी वाट पाहिली. मोठी जाऊ तर महिनाभर मुक्कामाला येऊन राहिली, केव्हातरी बांध फुटेल तेव्हा कुणी जवळ असावं म्हणून. बांध काही फुटला नाही, तेव्हा थोडी हिरमुसूनच परत गेली. ठिपकेबाई आपली उठे, स्वयंपाक करी, कामावर जाई, येई, झोपे. झोपही लागे. आमटीत मीठ कमी पडलंय की दोनदा पडलंय हे मात्र तिला कळेनासं झालं होतं. नवरा काही बोलत नसे, मुकाट्याने वरून पाणी पीत असे. "कशा आहात?" असं कुणी विचारलं की ती "बरी आहे" म्हणे, आणि ते खोटं नव्हतं. काही दुखत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा होतो, आपलाच, पण चाचपला तर दुसऱ्या कुणाचा तरी, तसं तिचं सगळंच होऊन बसलं होतं.

नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. दुकान बाजाररस्त्याच्या पलीकडच्या टोकाला. घरातून निघालं की सरळ नाकासमोर रस्ता, पण तो गेली पाच वर्षं मागच्या गल्लीतून, गोदामांना वळसा घालून, नाल्यावरच्या पुलावरून जात होता. कधी येताना पायाला चिखल, कधी चपलेचा अंगठा तुटलेला. त्याबद्दल नवराबायकोपैकी कुणी चकार शब्द काढत नसे. विभागातही कुणी काही न बोलता बाजाररस्ता बाईंच्या फेरीतून काढून टाकला होता. करवत चालवणाऱ्या टोळीचा जो म्होरक्या होता, त्याला करवत्याच म्हणत, त्याने तो रस्ता आपल्याकडे घेतला होता. तिच्याहून चार-सहा वर्षांनी लहान, दणकट, तिला ताई म्हणणारा. मुलाच्या वेळी दवाखान्यात पहिला पोहोचला होता तो हाच.

त्या सगळ्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. ठिपकेबाई रोज त्या झाडाकडे जात होती.

सकाळी, कामावर हजर होण्याच्या आधी. बाजार तेव्हा उघडलेला नसे. झाडासमोरच्या मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर खाली असे आणि फळकुटावर एक कुत्रं निजलेलं असे. गाडी जिथे आदळली होती तिथे कमरेच्या उंचीवर झाडाची साल सोलून निघाली होती, आतलं लाकूड उघडं पडलं होतं. सुरुवातीला तिचा अख्खा तळवा त्यात बसायचा. मग कडेने नवी साल जाड ओठासारखी आत सरकू लागली. दर वर्षी थोडी. आता तीन बोटं बसत होती. झाडांच्या कामातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही: झाड जखम भरून काढत नाही, झाकून टाकतं. वरून साल मिटली तरी आतलं लाकूड त्या दिवशी जसं होतं तसंच राहतं. ती बोटं आत ठेवून थोडा वेळ उभी राही. तिथेही तिला काही वाटत नसे. पण दिवसभरात हीच एक जागा अशी होती की जिथे काही वाटत नाही याचं तिला भान असे. एवढंच तिच्याकडे उरलं होतं आणि ते तिला हवं होतं.

आणि मग कीड आली.

आता यात किडीचा दोष थोडा आणि माणसांचा जास्त. फार पूर्वी कुणा नगराध्यक्षाला हे एक झाड आवडलं. भराभर वाढतं, छत्रीसारखं पसरतं, पालापाचोळा फार करत नाही. झालं, शहरभर तेच. शाळेपुढे तेच, दवाखान्यापुढे तेच, बाजारात तर दुतर्फा तेच. लोक त्याला छत्रीचं झाडच म्हणत आणि शहर किती नीटनेटकं दिसतं म्हणून खूश असत. कीड आली तिलाही सोय झाली. एका झाडातून उठावं, शेजारच्या झाडात बसावं, पत्ता विचारायची गरज नाही. बुंध्यावर तांदळाएवढी भोकं दिसू लागली, खाली लाकडाचा भुसा पडू लागला, आणि बघता बघता भर उन्हात रस्त्यांवरची सावली विरळ झाली.

नगरपालिकेची तिजोरी अशा वेळी नेहमी जशी असते तशीच होती. पण वरून सरकारी निधी मंजूर झाला. निधी आला की विभागात खुर्च्या कमी पडतात; एरवी न दिसणारी माणसंही बैठकीला हजर. निधीच्या बाजूने एक तरुण मॅडम आल्या होत्या. बाई हुशार, आवाज शांत.

"सगळं घर एकाच ताटात जेवायला लागलं तर एकाला खोकला झाला की सगळे आडवे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या शहराचं तेच झालंय. म्हणून हे पैसे नुसते झाडामागे झाड लावायला नाहीत. एका रस्त्यावर एका जातीची झाडं आता दहात एकाहून जास्त नकोत. किडकी आधी काढा, त्यांच्या जागी वेगवेगळ्या जाती लावा. तीन वर्षं त्यांना पाणी घालायचा खर्चही आम्ही देऊ."

"आणि छत्रीची जी चांगली आहेत ती?" ठिपकेबाईने विचारलं. बैठकीत ती बोलली म्हणून दोघातिघांनी वळून पाहिलं.

"ती एकदम नाही काढायची. दर वर्षी थोडी थोडी कमी करत जायची. कुठली आधी, कुठली नंतर, ते तुम्ही ठरवा. झाडं तुमच्या ओळखीची."

म्हणजे पांढरा ठिपकासुद्धा आता सुटका नव्हती, नुसती तारीख पुढे गेली होती. हे खोलीत आणखी कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. ठिपकेबाईच्या आलं. बाजाररस्त्यावरचं ते झाड तिने गेले कित्येक दिवस रोज खालपासून वरपर्यंत तपासलं होतं. भोक नव्हतं, भुसा नव्हता. शेजारची दोन्ही पोखरली गेली होती आणि ते मात्र ठणठणीत उभं होतं.

बैठक संपल्यावर रस्ते वाटून घेताना ती म्हणाली, "बाजाररस्ता मी करते."

करवत्याने मान वर केली. "कशाला ताई? माझी पोरं करतील की."

"मी करते म्हटलं ना."

सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक हळुवार भाव पसरला. त्यांना वाटलं, बाई आता मन घट्ट करतेय. हिला स्वतःच्या हाताने त्या झाडावर लाल ठिपका लावायचाय.

ठिपके लावायच्या दिवशी ऊन होतं. ती बाजाराच्या एका टोकापासून सुरू झाली, आणि करवत्या टेप घेऊन बुंध्यांची मापं घेत मागोमाग. लाल, लाल, पांढरा, लाल. दुकानदार गल्ल्यावरून उठून बाहेर येत. "आमच्या दारातलं राहू द्या हो बाई, गिऱ्हाईक सावलीला थांबतं," असं म्हणत. एकजण म्हणाला, "पालिकेला झाडं तोडायची हौस." ती म्हणाली, "खाली भुसा बघा." त्याने पाहिला आणि परत गल्ल्यावर जाऊन बसला. दुरुस्तीच्या दुकानासमोर तीन झाडं ओळीत होती, त्यांतलं मधलं ते. पहिल्याला लाल ठिपका लागला. मग ती मधल्यापुढे आली.

लालचा प्रश्न नव्हता. पांढरा लावला तर पुढच्या वर्षी कुणीतरी येईल, तोवर ती निवृत्त झालेली असेल, त्याची नजर वेगळी असेल. तिने कुंचला उचलला होता, तो तसाच खाली घेतला. डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि ती तिसऱ्या झाडाकडे गेली, तिथे पुन्हा झाकण उघडून लाल ठिपका लावला. बिनठिपक्याच्या झाडाला विभागात कुणी हात लावत नाही. तिच्या लेखी याहून भक्कम कुलूप नव्हतं.

करवत्या पलीकडून बघत होता. तिची नजर गेली तशी त्याने चटकन मान वळवली आणि टेप गुंडाळू लागला.

त्यानंतरच्या आठवड्यात विभागाच्या साहेबांनी तिला रोपवाटिकेत पाठवलं. दुसऱ्या गावी जायचं, दोन दिवस राहायचं, वेगवेगळ्या जातींची रोपं निवडून ट्रकमध्ये भरून घ्यायची. हे काम खरं तर साहेबांच्या मेहुण्यासारखी माणसं मिरवत करतात, पण या वेळी "तुम्हीच जा बाई, तुमच्यासारखी पारख कुणाला?" असा आग्रह झाला. ती गेली. रोपवाटिकेतली मालकीण बोलकी होती. ही जात सावकाश वाढते पण मुळं खोल जातात, हिच्यावर पाखरं येतात, हिला पाणी कमी लागतं पण पहिली दोन वर्षं लाडाची आहे. ठिपकेबाई पानं उलटून बघे, मुळं पिशवीत गुंडाळली गेली नाहीत ना ते चाचपे, आणि "ही घ्या, ती नको" म्हणे. हात शहाणे होते, त्यांचं काम चालू होतं. बाजाररस्त्यासाठी तिने सांगितलं, "शेजारी शेजारी एक जात नको." मालकीण म्हणाली, "छान दिसेल हो रस्ता." "दिसेल," ती म्हणाली.

परत आली तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. घरात करवत्या बसला होता, धुतलेला सदरा घालून. नवरा त्याच्यासमोर. दोघांच्या चेहऱ्यावर काहीतरी केल्याचं दडपण होतं आणि दडपणाखाली आनंद. तिने पिशवी ठेवली. पायांतल्या चपला काढायच्या राहिल्या.

"ताई, बसा आधी," करवत्या म्हणाला. ती बसली. "ते झाड काढलं."

"कुठलं?"

"तेच. त्या दिवशी बघितलं मी. तुम्ही कुंचला वर घेतला, पण ठिपका लागेना तुमच्या हातानं. माझ्याच्यानं बघवलं नाही. पाच वर्षं बघतोय तुम्हाला. म्हटलं, आपल्या हातात करवत आहे आणि ताईसाठी एवढं करू नये आपण? तुम्हाला विचारणं म्हणजे पुन्हा तेच. म्हणून दादांना विचारलं."

"मीच म्हटलं काढ," नवरा म्हणाला. "साहेबांनाही मीच सांगितलं, तुला दोन दिवस बाहेर पाठवा म्हणून."

"चांगलं होतं झाड," ती म्हणाली. "कीड नव्हती त्यात."

"नव्हती," करवत्या म्हणाला. "मला माहीत आहे ना. चांगलं झाड मी आजवर पाडलं नव्हतं, ताई. म्हणून लाल ठिपका माझ्या हातानं लावला. उद्या कुणी विचारलं तर सांगेन, मी लावला. वाकडा लागला थोडा, सवय नाही."

"आणि खोड?"

"त्याच दिवशी यंत्रात घातलं. बारीक चुरा केला. नव्या रोपांच्या बुडाशी पसरायला सगळीकडे गेला तो. बुंधासुद्धा खणून काढला. एवढंसं काही ठेवलं नाही, ताई. तुम्ही आता डोळे मिटून जा त्या रस्त्यानं."

तो अपेक्षेने तिच्याकडे बघत राहिला.

पाच वर्षांत पहिल्यांदा तिच्या आत काहीतरी हललं, आणि तो राग होता. धडधडीत राग. तिची जीभ जुन्या बाईची होती, तिला शब्द आठवत होते. मुकादमाला ऐकवले होते त्याहून जहाल शब्द तयार होते. पण समोर बसलेल्या माणसाने तिच्यासाठी जन्मात न केलेली गोष्ट केली होती. दुसरा तिचा नवरा होता आणि त्याचे खांदे इतक्या वर्षांत प्रथमच खाली उतरलेले दिसत होते. या दोघांवर राग काढणं शक्य नव्हतं. तिसरं कुणी नव्हतं. राग आला तसा जिभेच्या टोकाशी अडला आणि मग तिथेही काही वाटेनासं झालं.

"बरं केलंत," ती म्हणाली.

करवत्याने बाहीने डोळे पुसले. तिने उठून तिघांसाठी चहा ठेवला. साखर किती घातली ते तिला आठवेना म्हणून पुन्हा घातली. करवत्या तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि छान झालाय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नवरा सरळ रस्त्याने कामावर गेला. त्याने सांगितलं नाही, पण संध्याकाळी त्याच्या चपला कोरड्या होत्या आणि हातात बाजारातली भाजी होती. तिसऱ्या दिवशी तो जेवताना बोलायला लागला: दुकानात कोण आलं, कुणी भिंगाच्या नंबरावरून हुज्जत घातली. एके दिवशी तर आमटीचा घास घेऊन म्हणाला, "अगं, मीठ फार झालंय." ती त्याच्याकडे बघत राहिली. तिने मनाशी कबूल केलं की करवत्याचं काही चुकलं नव्हतं. त्या झाडाने या घरातला एक माणूस खरोखरच अडवून धरला होता, आणि तो आता सुटला होता. फक्त तो माणूस ती नव्हती.

सकाळी ती आता उशिरा निघू लागली. हातात वेळ उरायचा, मग ती ओट्याशी उभी राही.

महिन्याभरात बाजाररस्त्यावर रोपं लागली. निधीच्या मॅडम येऊन फोटो काढून गेल्या, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. मग एका सुट्टीच्या दिवशी नवरा म्हणाला, "चल, आज जाऊन येऊ. रोज जातो मी तिथून, पण नेमकी जागा मला ठाऊक नाही. मी तर तेव्हा थेट दवाखान्यातच गेलो होतो. तू दाखव. तुला माहीत असेल ना?"

"माहीत आहे," ती म्हणाली.

दोघं निघाली. रस्ता उघडाबोडका झाला होता. जुनी छत्रीची झाडं मधूनमधून उरली होती आणि बाकी सगळीकडे काठीला बांधलेली छातीएवढी रोपं, प्रत्येकाच्या बुडाशी लाकडाचा चुरा. एक रोप दुसऱ्यासारखं नव्हतं. दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर होतं, आत कुणीतरी चाक फिरवून बघत होतं. समोर तीन रोपं ओळीत. नवरा पहिल्यापाशी थांबला. हातातली पिशवी त्याने तिच्याकडे दिली.

"इथंच ना?" त्याने विचारलं.

इथे नव्हतं. पुढचं रोप, चार पावलांवर, बारीक लालसर पालवीचं. ते तिनेच निवडलं होतं, मुळं चाचपून. तिने तिकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. सांगायला काहीच हरकत नव्हती, त्याचाही मुलगा होता. पण ती जागा तिला द्यायची नव्हती. कुणालाच नाही, त्यालाही नाही.

"हो," ती म्हणाली. "इथंच."

तो खाली बसला. रोपाच्या बुडाशी हात टेकला आणि भर बाजारात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, हुंदके देऊन रडला. दुरुस्तीवाला चाक सोडून बाहेर आला आणि परत आत गेला. ठिपकेबाई नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, त्याची पिशवी दुसऱ्या हातात धरून. बऱ्याच वेळाने तो उठला, तोंड पुसलं, म्हणाला, "बरं झालं दाखवलंस." मग दोघं पुढे निघाली, आणि दुसऱ्या रोपाजवळून जाताना तिने पाऊल हळू केलं नाही.